पुस्तकांचा उपकर आणि मुलांची कपाटे

दहावी-बारावीत शिकणारा एखादा मुलगा वा मुलगी सोसायटीतील घराघरांतून वाचून झालेली पुस्तके गोळा करते, त्यांची वर्गवारी लावते आणि जवळच्या मजूरवस्तीत, सरकारी शाळेत किंवा वसाहतीच्या प्रवेशद्वारापाशी एक कपाट उभे करते, अशी बातमी बेंगळूरुच्या वृत्तपत्रांत आता वरचेवर वाचायला मिळते. हे केवळ एका शहरापुरते नाही. भोपाळच्या एका झोपडवस्तीत २०१६ मध्ये जेमतेम तिसरीतील मुलीने शासकीय अधिकाऱ्यांनी दिलेल्या मोजक्या पुस्तकांनिशी बालग्रंथालय सुरू केले आणि तिचा राष्ट्रीय पातळीवर गौरव झाला. हैदराबादेतील अकरा वर्षांच्या मुलीने कर्करोग रुग्णालयातील मुलांपासून आरंभ करून सात ग्रंथालये उभारली; सप्टेंबर २०२३ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये तिचा उल्लेख केला. अशा बातम्यांचे स्वागत व्हावे हे योग्यच. परंतु त्या वाचताना माझ्यातील जुना प्रशासक एका प्रश्नापाशी थांबतो: ज्या मोहल्ल्यात पुस्तके पोहोचवण्याचे काम सोळा वर्षांच्या मुलीने अंगावर घेतले, त्या मोहल्ल्यात ते काम मुळात कोणावर सोपवलेले होते?

बेंगळूरुपुरते या प्रश्नाचे उत्तर मालमत्ता कराच्या पावतीवर छापलेले आहे. तेथील घरमालक मूळ करावर जे उपकर भरतो, त्यांत आरोग्य उपकर १५ टक्के, भिक्षेकरी पुनर्वसनाचा ३ टक्के आणि ग्रंथालय उपकर ६ टक्के असतो. म्हणजे ज्याचा मूळ कर १० हजार रुपये, तो दरवर्षी ६०० रुपये केवळ ग्रंथालयांसाठी देतो. या वसुलीचा आधार आहे १९६५ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा. कर्नाटकाचे नाव तेव्हा म्हैसूर राज्य होते. ज्या सोसायटीतील रहिवासी कपाटासाठी जुनी पुस्तके देतात आणि मुलांचे कौतुक करतात, तेच रहिवासी याच कामासाठी सक्तीने पैसेही भरत असतात. बहुतेकांना त्याची जाणीव नसते. पहिल्या देणगीचे छायाचित्र निघते, दुसरीचा हिशेब कोणी विचारत नाही.

हिशेब विचारण्याजोगाच आहे. उपकर वसूल करते महापालिका. तो खर्च करायचा असतो राज्याच्या सार्वजनिक ग्रंथालय खात्याने. या दोघांमधील देवाणघेवाण हा बेंगळूरुतील जुना वाद आहे. बृहत् बेंगळूरु महानगर पालिकेने वसूल केलेल्या उपकरापैकी शेकडो कोटी रुपये खात्याकडे वळते केले नाहीत, ही तक्रार वर्षानुवर्षे होत आली आहे. एका हेतूने गोळा केलेला पैसा सर्वसाधारण खात्यात मिसळला, की त्याचा हेतू प्रथम पुसट होतो आणि मग विसरला जातो. त्यामागे कोणाचा दुष्टावा असावाच लागत नाही. पगार, कचरा, खड्डे आणि कंत्राटदारांची देयके यांच्या रांगेत पुस्तक नेहमीच शेवटी उभे असते, कारण पुस्तक न मिळाल्याने कोणी मोर्चा काढत नाही.

या उपकरामागील विचार बाहेरून आलेला नाही, आणि त्याच्या उगमाशी मराठी वाचकाचे जवळचे नाते आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय विधिमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. स्थानिक संस्थांना आपल्या हद्दीत शिक्षण सक्तीचे करता यावे आणि त्यासाठी स्वतंत्र कर बसवता यावा, असे त्याचे स्वरूप होते. पुढच्या वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. पण ज्ञानाचा पुरवठा दात्याच्या मर्जीवर न ठेवता स्थानिक कराच्या पायावर उभा करावा, ही कल्पना त्या पराभवातून वाचली.

त्याच सुमारास बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी तिचा दुसरा भाग प्रत्यक्षात आणला होता. संस्थानात १९०६ मध्ये सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण लागू झाले. शाळेत अक्षरओळख झालेल्या मुलाच्या हाती पुढे पुस्तकच आले नाही, तर ती ओळख चार वर्षांत पुसली जाते, हे महाराजांनी ओळखले होते. म्हणून १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणण्यास घेतले. लाकडी पेट्यांतून गावोगाव जाणारी फिरती ग्रंथालये त्याचाच भाग होती. आजच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची होती ती त्यामागची अर्थव्यवस्था. गावाने एक हिस्सा उभा करायचा, पंचायतीने तेवढाच घालायचा आणि सरकारने तिसरा समान हिस्सा द्यायचा. लोकांचा उत्साह आणि सरकारचे कर्तव्य यांपैकी एकाने दुसऱ्याची जागा घ्यावी, अशी अपेक्षा त्यात नव्हती.

पुढे १९४५ मध्ये कोल्हापूर संस्थानाने ग्रंथालय कायदा केला. भारतीय भूमीवरील तो पहिला. स्वातंत्र्यानंतरचा पहिला कायदा १९४८ साली मद्रास प्रांतात झाला आणि त्यात ग्रंथालय उपकराची तरतूद आली. त्यामागे एस. आर. रंगनाथन यांची चिकाटी होती. अनेक राज्यांसाठी कायद्याचे मसुदे करणाऱ्या या ग्रंथालयशास्त्रज्ञाने आयुष्याची अखेरची वर्षे बेंगळूरुतच घालवली, १९६२ मध्ये तेथे प्रलेखन संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र उभे केले आणि १९७२ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. पुस्तक हे जपून ठेवण्याची वस्तू नसून वापरण्याची आहे आणि प्रत्येक वाचकापर्यंत त्याचे पुस्तक पोहोचले पाहिजे, हा त्यांच्या विचाराचा गाभा. आज मुले कपाटे उभारतात ती त्याच शहरात, रंगनाथन यांचे नाव कदाचित कधी न ऐकता.

लोकांच्या पुढाकाराला कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३) आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९८) ही दोन्ही नागरिकांनी उभी केलेली. बेंगळूरुतही कब्बन पार्कमधील शेषाद्री अय्यर स्मारक सभागृहात सार्वजनिक ग्रंथालय आले ते विश्वेश्वरय्या दिवाण असतानाच्या काळात, राज्याच्या पुढाकाराने, तर डी. व्ही. गुंडप्पा यांनी १९४५ मध्ये गोखल्यांच्या नावाने काढलेली सार्वजनिक व्यवहारविषयक संस्था आणि तिचे ग्रंथालय हे नागरी प्रयत्नांचे फळ. ही उदाहरणे टिकली, कारण त्यांना घटना होती, कार्यकारिणी होती, वर्गणी होती, छप्पर होते. संस्थापक गेल्यावर दार उघडणारा माणूस कोण, हे ठरलेले होते.

मुलांच्या कपाटाची खरी अडचण नेमकी येथे आहे. ते बहुधा नववी ते अकरावीच्या दरम्यान उभे राहते. बारावीचे वर्ष आले की पुस्तकांची फेरी थांबते; मुलगी महाविद्यालयासाठी दुसऱ्या शहरात किंवा परदेशी गेली की कपाटाची किल्ली सुरक्षारक्षकाच्या चौकीत पडून राहते. काही जण म्हणतात, की असे उपक्रम परदेशी विद्यापीठांच्या प्रवेश अर्जासाठीच असतात. काही आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमांत समाजसेवा हा आवश्यक भागही आहे. या टीकेत मला फारसा रस नाही. हेतू कोणताही असो, वाचणाऱ्या मुलाला मिळालेले पुस्तक खरे असते. चिंता आहे ती कालावधीची. संस्थापकाच्या शालेय वयाइतकेच ज्याचे आयुष्य, त्या कपाटावर एका पिढीचे वाचन उभे राहू शकत नाही. कपाट बंद पडले तर त्याची बातमीही होत नाही.

दुसरी अडचण पुस्तकांची. दान केलेली पुस्तके दात्याच्या घराचे प्रतिबिंब असतात. बेंगळूरुच्या उच्चभ्रू सोसायटीतून येतात त्या इंग्रजी बालकादंबऱ्या, जुनी विश्वकोशांची संचिका, गतवर्षीची प्रवेश परीक्षांची मार्गदर्शके. ज्या मुलांसाठी ती मांडली जातात त्यांच्या घरी मात्र कन्नड, तमिळ, तेलुगू किंवा उर्दू बोलली जाते. बांधकामावरील कुटुंबे उत्तर कर्नाटकातून, आंध्रातून, बिहार-ओडिशातून आलेली असतात. आठ वर्षांच्या मुलाला पहिले वाक्य स्वतः वाचल्याचा आनंद देणारे पुस्तक त्या ढिगात क्वचितच सापडते. आणि तसे पुस्तक दुर्मीळ नाही. २००४ मध्ये बेंगळूरुतच स्थापन झालेल्या ‘प्रथम बुक्स’ने अनेक भारतीय भाषांत स्वस्त बालपुस्तके काढली आणि २०१५ पासून ‘स्टोरीवीव्हर’ या मंचावरून ती मुक्त परवान्याने उपलब्ध केली. पुस्तके आहेत, ती छापून विकतही मिळतात. पण ती निवडून विकत घ्यावी लागतात, फाटली की बदलावी लागतात आणि दरवर्षी नवी आणावी लागतात. दानाच्या जोरावर कपाट भरता येते. वाचकाच्या गरजेनुसार संग्रह घडवायचा तर दरवर्षी ठरावीक रक्कम हाती यावी लागते. तीच रक्कम त्या ६ टक्क्यांत आहे.

तिसरी अडचण जागेची आणि सुरक्षिततेची. एप्रिल २०२१ मध्ये म्हैसूरमध्ये एका मजुराने वर्षानुवर्षांच्या कष्टाने उभारलेले सुमारे ११ हजार पुस्तकांचे वाचनालय आगीत जळाले. देशभरातून पुस्तके आणि पैसे पुढे आले, हे समाजाच्या सहृदयतेचे लक्षण खरे. पण हजारो पुस्तकांचा असा संग्रह तोवर एका कच्च्या शेडमध्ये होता, ही गोष्टही तितकीच बोलकी आहे.

मग सरकारी शाखा ग्रंथालयांनीच हे काम का करू नये? त्यांची जागा आहे, कर्मचारी आहेत, कायद्याने ठरलेले उत्पन्न आहे. पण आपल्या शहरांतील शाखा ग्रंथालयात दुपारी डोकावले, तर दिसतात ते वर्तमानपत्र चाळणारे ज्येष्ठ नागरिक आणि स्पर्धा परीक्षेची टिपणे काढणारे तरुण. दोघांचाही त्या जागेवर हक्क आहे. लहान मूल मात्र तेथे अभावानेच आढळते. सभासदत्वासाठी अनामत, पत्त्याचा पुरावा, कोणा जबाबदार व्यक्तीची हमी यांपैकी एखादी अट पुढे आली, की भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या घरकामगार बाईचे मूल उंबऱ्यावरूनच परतते. मुलांच्या कपाटाने हाच उंबरा काढून टाकला. त्याला कुलूप नाही, अर्ज नाही, पुस्तक परत न आल्यास दंड नाही, आणि ते मूल जेथे खेळते तेथेच आहे. या मुलांनी ग्रंथालय खात्याला फुकट दिलेला हा सर्वेक्षण अहवाल आहे. वाचक नाहीत, हा समज त्याने खोडून काढला आहे. वाचक आहेत, ते कोठे आहेत आणि कशामुळे आत येत नाहीत, हेही त्यातून समजते.

सरकारी यंत्रणेला हे जमणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी कर्नाटकाच्याच ग्रामीण भागाकडे पाहावे. राज्यातील साडेपाच हजारांहून अधिक ग्रामपंचायत ग्रंथालये २०१९ मध्ये ग्रंथालय खात्याकडून ग्रामविकास व पंचायतराज खात्याकडे आली. त्यांतील अनेकांची अवस्था बंद खोलीसारखी होती. नोव्हेंबर २०२० मध्ये, टाळेबंदीमुळे शाळा बंद असताना, ‘ओदुव बेळकु’ म्हणजे वाचनाचा प्रकाश या नावाने मोहीम सुरू झाली. सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना सभासदत्व विनामूल्य झाले आणि लाखो मुलांची नोंदणी झाली. ग्रंथपालांचे प्रशिक्षण, इमारतींची रंगरंगोटी, नागरिकांकडून पुस्तकांची देणगी आणि स्वयंसेवी संस्थांचे सहकार्य यांच्या जोडीने या केंद्रांना ‘अरिवु केंद्र’ हे नवे नाव मिळाले. येथेही दान होते, स्वयंसेवक होते. पण त्यांच्या खाली पंचायतीचे छप्पर आणि शासनाचा आदेश होता. बडोद्याच्या तीन हिश्शांचे तत्त्व शंभर वर्षांनी पुन्हा दिसले, असे म्हणायला हरकत नाही. जे खेड्याला साधले ते कोटीच्या वर लोकसंख्येच्या, देशातील सर्वांत शिक्षित शहरांत गणल्या जाणाऱ्या राजधानीला का साधू नये?

बेंगळूरुसाठी ही वेळ विशेष महत्त्वाची आहे. मे २०२५ मध्ये ग्रेटर बेंगळूरु प्राधिकरण अस्तित्वात आले आणि सप्टेंबरमध्ये जुन्या महापालिकेच्या जागी पाच महापालिका झाल्या. त्याआधीच्या सभागृहाची मुदत सप्टेंबर २०२० मध्येच संपली होती, म्हणजे मधली पाच वर्षे या शहराला निवडून आलेले नगरसेवक नव्हते आणि उपकराचा हिशेब सभागृहात विचारणारेही कोणी नव्हते. एकाऐवजी पाच संस्था वसुली करू लागल्यावर जुनी थकबाकी कोणाची आणि नवा भरणा कोणी, कधी करायचा, हे आताच लेखी ठरले नाही, तर एका वादाचे पाच वाद होतील. संस्थांची वाटणी होताना इमारती, वाहने आणि कर्मचारी यांच्या याद्या तत्परतेने होतात. पुस्तकांचे देणे मात्र कोणत्याच यादीत न येता मागे राहण्याचा धोका असतो.

यावर उपाय फार खर्चिक नाहीत. पहिला, ग्रंथालय उपकर स्वतंत्र बँक खात्यात जमा व्हावा आणि कोणत्या प्रभागातून किती आला, तेथे किती खर्च झाला, हे दरवर्षी प्रसिद्ध व्हावे. दुसरा, मुलांच्या सभासदत्वाची अनामत शहरातही पूर्णपणे रद्द व्हावी आणि शाळेचे वा अंगणवाडीचे पत्र ओळख म्हणून पुरावे. तिसरा, स्वयंसेवकांनी उभारलेल्या कपाटांची जवळच्या शाखा ग्रंथालयाकडे ‘सेवाकेंद्र’ म्हणून ऐच्छिक नोंद व्हावी. नोंदलेल्या कपाटाला दर तीन महिन्यांनी वस्तीच्या भाषेतील नवी पुस्तके खात्याने पुरवावीत आणि उपक्रम चालवणारे मूल शहर सोडून गेले, तर कपाटाची जबाबदारी शाखेकडे जावी. चौथा, पुस्तकांची निवड करणाऱ्या स्थानिक समितीत अशा स्वयंसेवकांना आणि वस्तीतील पालकांना जागा असावी.

तिसऱ्या सूचनेवर एक रास्त आक्षेप येऊ शकतो. सरकारचा हात लागला की जिवंत गोष्ट फायलीत जाते. निरीक्षक येतात, नोंदवही मागतात आणि कपाटाला कुलूप लागते. घाऊक ग्रंथखरेदीत वाचकापेक्षा पुरवठादाराची सोय पाहिली जाते, हेही आपल्याकडे सर्वज्ञात आहे. म्हणूनच नोंद ऐच्छिक असावी, हरवलेल्या पुस्तकाची वसुली नसावी आणि निवड शाखेच्या पातळीवर व्हावी. सरकारने पैसा, पुस्तक आणि सातत्य द्यावे. कपाट कोठे ठेवायचे आणि कसे चालवायचे, हे मुलांनी ठरवावे. दिल्लीतील ‘द कम्युनिटी लायब्ररी प्रोजेक्ट’सारखे विनामूल्य वाचनालयांचे प्रयोगही आता केवळ स्वतःची वाचनालये चालवून थांबत नाहीत, सार्वजनिक ग्रंथालय हा सर्वांचा हक्क मानावा, अशी मागणी त्यांतून पुढे आली आहे. घटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार ग्रंथालये हा राज्यांचा विषय आहे, त्यामुळे ही मागणी राज्यांच्या दारातच जायला हवी.

महाराष्ट्राने या चर्चेकडे परक्याची गोष्ट म्हणून पाहू नये. आपला १९६७ चा कायदा वेगळ्या वाटेने गेला. नागरिकांच्या संस्थांनी चालवलेल्या ग्रंथालयांना मान्यता द्यायची, त्यांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी करायची आणि शासनाने अनुदान द्यायचे. त्यामुळे अकरा-बारा हजार ग्रंथालयांचे जाळे उभे राहिले, ही मोठी जमेची बाजू. परंतु ग्रंथालय उपकर मात्र आपण स्वीकारला नाही. मालमत्ता कराबरोबर शिक्षण उपकर आणि रोजगार हमी उपकर भरणारा महाराष्ट्रातील नागरिक ग्रंथालयासाठी वेगळे काही देत नाही. म्हणून अनुदानाची रक्कम आणि ती हाती पडण्याची वेळ दरवर्षीच्या अर्थसंकल्पावर अवलंबून राहते आणि तुटपुंज्या वेतनावरील ग्रंथपाल तिची वाट पाहतो. कर्नाटकाकडे उत्पन्नाचा कायदेशीर झरा आहे, पण तो वाचकापर्यंत वाहत नाही; आपल्याकडे ओंजळी हजारो आहेत, पण झरा नाही. कोल्हापूरचा पहिला कायदा आणि गोखल्यांचे विधेयक ज्या भाषेच्या वारशात आहे, त्या भाषेच्या राज्याने शहरी महापालिकांपुरता तरी अल्प दराचा ग्रंथालय उपकर विचारात घ्यावा, आणि तो घेतानाच स्वतंत्र खाते व जाहीर हिशेब यांची अट कायद्यात घालावी. बेंगळूरुच्या अनुभवातून एवढे तरी शिकता येईल.

तोवर मुले कपाटे उभारत राहतील, आणि त्यांनी ती उभारावीतच. त्यांना पुरस्कार देणाऱ्या मंत्र्यांनी, आयुक्तांनी आणि सोसायटीच्या अध्यक्षांनी समारंभात आणखी एक कागद वाचून दाखवावा: त्या प्रभागातून गेल्या वर्षी किती ग्रंथालय उपकर जमा झाला आणि त्यातून मुलांसाठी किती पुस्तके आली. ज्या मुलीने शेजारच्या वस्तीतील प्रत्येक घरी जाऊन कोण कोणत्या भाषेत वाचते हे विचारले, तिला हा आकडा विचारण्याचाही अधिकार आहे.